लुगड्यात गुंडाळलेली हार्ड डिस्क

काकी हार्ड डिस्क लुगड्यात गुंडाळत होत्या आणि इनास सर कपाळाला हात लावून बसले होते.

"अगं, सोनं आहे का ते?"

"सोनं परत घेता येतं," काकी म्हणाल्या.

हार्ड डिस्क म्हणजे कॉम्प्युटरमधलं सगळं ज्यात साठतं तो डबीएवढा भाग. मीच तो खोलून, चंदेरी पिशवीत घालून काकींना दिला होता. लाल लुगडं त्यांच्या आईचं. ते गोदरेजच्या कपाटात गेलं. चावी कमरेला.

इनास सर शाळेत माझे गणिताचे शिक्षक, काकी त्यांच्या बायको. माझे वडील मिठागरात कामाला. घरात कॉलेज पूर्ण केलेला मी पहिला, म्हणून बोळिंजच्या माझ्या रिपेअरिंगच्या दुकानावर नावापुढे बी.एस्सी. लिहिलंय. अजूनही आहे. रिटायर झाल्यावर सरांनी कॉम्प्युटर घेतला, तो माझ्याकडूनच. नंतर कुठल्याशा मासिकाबरोबर लिनक्सची सीडी आली आणि सरांना राहवेना.

लिनक्स ही विंडोजसारखीच दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम. मशीन जिच्यावर चालतं ती. एकाच डिस्कचे दोन भाग पाडून दोन्ही ठेवता येतात. पण भाग पाडताना एक उत्तर चुकलं, की जुनं सगळं साफ. आणि त्या डिस्कवर काकींच्या आईची लग्नातली गाणी होती, घरच्या बोलीतली. म्हातारी गायची, सर टाइप करायचे. आता म्हातारी नव्हती.

"सर, कॉपी काढलीय?"

"काढणार होतो रे."

"मग मी भाग पाडणार नाही. जुनी डिस्क बाहेर. दुकानातली एक छोटी आणलीय, तिच्यावर करा काय करायचं ते. जी मशीनमध्येच नाही, ती बिघडणार कशी?"

"गणितात एवढं डोकं चाललं असतं तर!" सर म्हणाले.

लिनक्स नीट चढलं. पडद्यावर लिनक्सचं चिन्ह, पेंग्विन, आला तेव्हा सर खुर्चीतून उठलेच. "दिन्या, बघ!" मग त्यांनी खिशातून फ्लॉपी काढली. काल एक गाणं त्यांनी गुपचूप तिच्यावर घेतलं होतं. ते उघडलं.

मराठी अक्षर एकही नाही. इंग्रजी अक्षरं, कंस, टिंबं, सगळी खिचडी.

काकी चहा घेऊन आल्या होत्या. ट्रे त्यांनी खाली ठेवला. "हे माझ्या आईचं गाणं?"

सर फ्लॉपी काढून उलटीसुलटी करून बघू लागले.

"काकी, काही गेलेलं नाही," मी म्हटलं. त्या काळच्या मराठी फॉन्टची गंमत अशी, की मशीन आत इंग्रजी अक्षरंच साठवायचं. फॉन्ट फक्त त्यांना मराठी रूप द्यायचा. लिनक्सकडे तो फॉन्ट नव्हता. मी समजावू लागलो.

"मला शिकवू नको. दाखव."

त्यांनी कपाट उघडलं. मी छोटी डिस्क काढून जुनी जोडली. विंडोज नेहमीसारखं रमतगमत सुरू झालं. तेवढा वेळ कोणी चहाला हात लावला नाही.

गाणं उघडलं. सगळं जागेवर. काकी वाचू लागल्या आणि दुसऱ्या ओळीला वाचता वाचता गाऊ लागल्या. सरांनीही सूर लावला. मध्येच त्या थांबल्या.

"ही ओळ आई अशी म्हणत नव्हती."

"मी ऐकली तशीच लिहिली."

"तुम्हाला कधी ऐकू आलंय?"

सरांनी ओळ दुरुस्त केली. मग मी सगळ्या गाण्यांच्या दोन सीडी काढल्या. एक कपाटात गेली, एक काकींच्या भावाकडे.

सरांचं लिनक्सचं वेड काही उतरलं नाही. शेवटी मी कॉम्प्युटरच्या कॅबिनेटला रॅक बसवला. रॅक म्हणजे हार्ड डिस्कचा ड्रॉवर. मशीन बंद करायचं, एक डिस्क ओढून काढायची, दुसरी सरकवायची. ड्रॉवरला छोटं कुलूप असतं. त्याची चावी काकींनी न विचारता आपल्या जुडग्यात अडकवली.

त्यानंतर सरांना लिनक्स लावायचं असलं, की आधी स्वयंपाकघरात जावं लागे. काकी हात पुसून येत, आपली डिस्क काढून कपाटात ठेवत, आणि मग म्हणत, "आता खेळा."

पुढे कितीतरी गिऱ्हाइकांना मी दुसरी सिस्टीम टाकून दिली. प्रत्येकाला आधी एकच विचारतो: जुनी डिस्क ठेवायला घरात कपाट आहे ना, आणि त्याची चावी तुमच्याकडे तर नाही ना?