सेल्फ काढून बालाघाटला

उकव्याहून जीप निघाली तेव्हा माझ्या मांडीवरच्या कापडी पिशवीत माझ्या शाळेतल्या मुलांचे, तेव्हा अकरावीला असलेल्या बोर्डाच्या परीक्षेचे नऊ अर्ज होते. अर्ज घेण्याचा तो शेवटचा दिवस, आणि बालाघाटचं कार्यालय पाचला बंद होणार होतं. आठ अर्ज केव्हाच तयार होते. नवव्या मुलीचे वडील खाणीतल्या रात्रपाळीहून सकाळी परतले, तेव्हा कुठे त्यांचा अंगठा मिळाला. मी शिकत असताना माझ्याही अर्जावर वडिलांचा अंगठाच उठला होता. त्यामुळे थांबल्याचं मला वाईट वाटलं नाही. सकाळची बस मात्र चुकली.

जीप एका ठेकेदाराची, फार जुनी. चालवणारे श्रावणभाऊ खैरलांजीकडचे. मँगनीजची काळी धूळ मागे पडली आणि सालाचं जंगल सुरू झालं. थंडीचे दिवस होते. बांबूच्या बेटांमधून तिरपं ऊन रस्त्यावर येत होतं. घाटाच्या अलीकडे तणसाने (धानाच्या पेंढ्याने) भरलेली एक बैलगाडी आडवी आली. बैल बुजू नयेत म्हणून भाऊंनी इंजिन बंद केलं. गाडी कडेला झाली, भाऊंनी पायाजवळचं बटण दाबलं, 'खट्' असा आवाज झाला आणि सगळं गप्प.

"सेल्फ फसला जी," भाऊ म्हणाले.

सेल्फ म्हणजे इंजिन चालू करणारी विजेची मोटार. तिचं लहान दातेरी चाक इंजिनाच्या मोठ्या चाकात अडकून बसलं होतं. त्यामुळे पुढून हँडलही फिरेना. गिअर टाकून आम्ही जीप मागेपुढे हलवली, हातोडीने ठोकून पाहिलं. शेवटी सेल्फच काढायचं ठरलं. भाऊंनी बॅटरीची तार सोडली. दोन बोल्टांपैकी एक निघाला. दुसरा गंजाने असा धरला होता की पाना घसरून भाऊंची बोटं सोलवटली.

बैलगाडीवाले झाडूभाऊ आणि त्यांची बायको आमच्यासाठी थांबले होते.

"काहून जी मास्तर, मोटारीले चारा नाही घातला का?" झाडूभाऊंनी विचारलं.

"तुहे बैल देतं का बदल्यात?" जीपखालून श्रावणभाऊ.

"ना बापा! माहे बैल रोज घरी येतेत."

वहिनींनी नवऱ्याला गप्प केलं. "आधी जेवा. उपाशी माणसाच्यानं काय सुटते?"

त्यांनी गाडीतल्या कंदिलातलं मातीचं तेल (घासलेट) काढून दिलं. ते बोल्टवर ओतून आम्ही जेवायला बसलो. पळसाच्या पानावर भात, लाखोळीच्या डाळीचं वरण, लसणाची चटणी. इतकं चांगलं जेवण, पण माझं लक्ष घड्याळाकडे. दोन वाजत आले होते.

श्रावणभाऊंचा हात दुखावला होता, म्हणून मी जीपखाली शिरलो. उताणं पडून, हात डोक्यामागे नेऊन पाना धरला आणि सगळा जोर लावला. 'कर्र' झालं.

"फिरला!" मी ओरडलो.

"कोन्या बाजूले?"

मी हात बाहेर काढून दाखवला. श्रावणभाऊ वाकून पाहू लागले.

"मास्तर, तुम्ही त्याले कसून राह्यले!"

झाडूभाऊ रस्त्यातच बसले. "कॉलेज शिकून आले, अन् उलटा पाना!"

मला तिथून बाहेरच येऊ नये असं वाटलं. नऊ मुलांचं वर्ष मी आणखी घट्ट करून ठेवलं होतं. पण श्रावणभाऊ माझ्या शेजारी येऊन झोपले.

"हालला ना? मंग गंज तुटला. आता सुलटा फिरवा. हळू."

दुसऱ्या झटक्याला बोल्ट सैल झाला. तो निघताच चांगला आठ-दहा शेराचा सेल्फ थेट माझ्या पोटावर उतरला. वहिनी हसू आवरत म्हणाल्या, "घ्या, झालं बाळंतपण!"

श्रावणभाऊंनी उघड्या भोकावर चिंधी बांधली आणि बॅटरीची तार पुन्हा जोडली. मी हँडल मारलं. चौथ्या खेपेला इंजिन धडधडलं. सेल्फ मागच्या सीटवर निजला आणि आम्ही घाट उतरलो.

कार्यालयात पोचलो तेव्हा बाबू कपाटाला कुलूप लावत होते. त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "आधी हात धुऊन या, गुरुजी. हे कागद बोर्डाले जायचे आहेत." मी नळाकडे पळालो. परतलो तर कपाट पुन्हा उघडलेलं होतं. त्यांनी नऊही अर्ज तपासले आणि पोचपावती दिली.

सेल्फ मिस्त्रीकडे टाकून दुसऱ्या दिवशी आम्ही हँडलवरच परतलो. जीप थांबली की मी उतरून हँडल मारायचो, श्रावणभाऊ वर बसून "सुलटा, मास्तर, सुलटा!" म्हणायचे. वाटेत मी सगळी हकीकत मनात जुळवली, मुलांना कुठे हसवायचं तेही ठरवलं.

उकव्याला नऊही जणं रस्त्यावर उभी होती.

"जमा झाले," मी म्हणालो.

नववा अर्ज जिचा होता, ती मुलगी वडिलांना सांगायला खाणीकडे धावली. बाकीचेही आपापल्या घरी पळाले. मी उलटा पाना कसा फिरवला, हे ऐकायला एकही जण थांबला नाही. म्हणून ते इथे लिहिलं.