म्यानाला पाजलेलं तेल

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, क्लबातल्या मित्रांना नाही – आणि ज्यांना सांगायला हवं होतं त्यांना तर नाहीच. तुम्हालाच का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, एवढंच कारण असावं.

आधी बरी बाजू सांगतो. प्रत्येक जण तिथूनच सुरुवात करतो. चाकणच्या एका कारखान्यात मी क्वालिटीत आहे. गाड्यांचे सुटे भाग तपासायचे आणि केसभर चुकलेल्याला लाल चिठ्ठी लावायची, हे माझं काम. चाळिशीत डॉक्टरांनी सांगितलं, काहीतरी छंद लावून घ्या, डोकं शांत ठेवा. लोक अशा वेळी बासरी शिकतात. मी पिस्तूल शिकलो.

मला शिकवलं खैरे हवालदारांनी. फौजेतून निवृत्त, मूळचे चाकणकडच्या खेड्यातले, राहायला दिघीत. आठवडाभर ते एका जमीनवाल्या शेठचे सशस्त्र रक्षक असत आणि रविवारी आमचे गुरू. शेठच आमच्या नेमबाजी क्लबाचे अध्यक्ष होते. त्यांना निशाण्यापेक्षा फ्लेक्सची आवड जास्त. पहिल्या दिवशी माझ्या गोळ्या निशाणाचा कागद सोडून सगळीकडे लागल्या. हवालदारांनी शांतपणे पाहिलं आणि म्हणाले, "साहेब, त्या भिताडानं तुमचं काय वाकडं केलंय?"

त्यांचा एकच नियम होता. "बोट वसरीवर ठिवायचं. नजर निशाणावर बसल्याबिगर त्याला घरात घ्यायचं न्हाई." घर म्हणजे चाप. वसरी म्हणजे ओसरी – चापाच्या वरचा पिस्तुलाचा सपाट भाग. तिथे बोट सरळ टेकवून ठेवायचं. हा नियम त्यांच्या हाडात मुरला होता. छत्री धरली तरी त्यांचं पहिलं बोट सरळ. चहाचा कप धरला तरी सरळ. आम्ही त्यावरून हसायचो.

दोन वर्षांत माझा हात स्थिर झाला. श्वास अर्धा सोडून थांबायला शिकलो. राग कमी झाला, असं बायको म्हणाली – आणि ती उगाच काही बोलत नाही. मग चामड्याचा नाद लागला. रापी, आरी, मेण लावलेला दोरा. पिस्तुलाची म्यानं हातानं शिवू लागलो. होल्स्टर म्हणा हवं तर. हवालदार म्यानच म्हणायचे. पहिलं म्यान पायमोज्यासारखं दिसायचं. दहाव्यावर मी माझ्या नावाचं अक्षर ठोकलं. दुसऱ्यांच्या बडेजावाला हसत आयुष्य काढलेल्या माणसानं स्वतःचा शिक्का बनवून घेतला होता, आणि त्यात मला काहीच हसण्यासारखं दिसलं नाही.

त्या वर्षी दसऱ्याला हवालदारांना म्यान भेट द्यायचं ठरवलं. गुरुदक्षिणा. त्यांना विचारलं तर म्हणाले, "नक्षीबिक्षी कायबी करा, पर कडक करा. पिस्तूल भाईर काढल्यावर तोंड उघडं ऱ्हायलं पायजे. माज्या पिस्तुलाचा सेफ्टीचा खटका ढिला हाय." म्हणजे त्यांनी सांगितलं होतं. स्पष्ट शब्दांत. हे लक्षात ठेवा – मी तर विसरू शकलेलो नाही.

जाड चामड्यावर नक्षी नीट उठत नाही. म्हणून मी पातळ घेतलं. वेलबुट्टी काढली, आणि ती चमकावी म्हणून खोबरेल तेल चोळलं. एकदा. चमक आली. मग पुन्हा चोळलं, आणि पुन्हा. चामडं तेल पीत गेलं. तिसऱ्या दिवशी मापासाठी आत ठेवलेलं पिस्तूल बाहेर काढलं तेव्हा म्यानाचं तोंड हळूच मिटलं – पेंगणाऱ्या माणसाचे डोळे मिटतात तसं. मी ते पाहिलं. दिवसभर लाल चिठ्ठ्या लावणाऱ्या माणसानं पाहिलं. आणि काय ठरवलं? एक दिवस शोभेला तर ठेवायचंय, नंतर दुसरं करून देऊ.

दसऱ्याला क्लबात शस्त्रपूजन झालं. शेठनी म्यान हातात घेऊन सगळ्यांना दाखवलं. "राव, ह्याला म्यान म्हणायचं? दागिना हाय हा!" टाळ्या पडल्या. हळदीकुंकू लागलेली रिकामी पिस्तुलं ज्यानं त्यानं उचलली. शेठ निघायच्या गडबडीत होते, म्हणून हवालदारांनी, भरताना नळी रोखायला ठेवलेल्या वाळूच्या पिंपापाशी जाऊन पिस्तूल भरलं, सेफ्टी लावली आणि नव्या म्यानात सरकवलं.

आवाज झाला. ते उभेच राहिले. मग खाली बघून म्हणाले, "कुनाला लागलं?" लागलं त्यांनाच होतं. गोळी मांडीतून गुडघ्याजवळ बाहेर पडली होती.

गडबडीत म्यान मीच त्यांच्या पट्ट्यातून काढलं आणि पिशवीत टाकलं. घरी येऊन पाहिलं. मऊ तोंडाची कड आत दुमडली होती आणि त्या घडीवर चापाचा वळ उमटला होता. पिस्तूल आत जाताना ढिला खटका सरकला होता आणि ती घडीच चापावर दाबली गेली होती.

दोन दिवसांनी शेठ म्हणाले, "तुमी क्वालिटीवाले. कारण काय ते तुमीच लिवून द्या." कारखान्यात आम्ही पाच वेळा 'का' विचारतो. भाग का तुटला? का वाकला? का तापला? मुळाशी पोचेपर्यंत सोडत नाही. इथे मी एकदाच विचारलं, आणि उत्तर लिहिलं : म्यानात ठेवताना हवालदारांचं बोट चापावर राहिलं. सही केली. म्यानाबद्दल एक शब्द नाही. कुणी मागितलंही नाही. दागिन्यावर कोण संशय घेतं?

तो कागद ठाण्यात गेला. हवालदारांचा परवाना गेला, नोकरी गेली. क्लबानं रविवारचं शिकवणं बंद केलं, कारण नवशिक्याची चूक करणाऱ्यानं नवशिक्यांना काय शिकवायचं? पाय आजही ओढत चालतात.

माझी मात्र प्रगती झाली. माझ्या म्यानांच्या तोंडाला आता जाड चामड्याची दुहेरी पट्टी असते. कितीही दाबा, मिटत नाही. सुरक्षेचा किती विचार करता हो, असं लोक म्हणतात. मी मान लववतो. नव्या मुलांना क्लबात आता मीच शिकवतो. हवालदारांच्या शब्दांत, त्यांच्याच पद्धतीनं.

मागच्या महिन्यात दिघीला हवालदारांकडे गेलो होतो. काकूंनी चहा आणला. हवालदारांनी कप धरला – पाची बोटांनी गच्च, आपण सगळे धरतो तसा. मग कप खाली ठेवून त्यांनी उजव्या हाताचं पहिलं बोट डाव्या मुठीत घेतलं, जरा वेळ धरून ठेवलं. म्हणाले, "तीस वर्सं माझं ऐकलं ह्यानं. त्या दिशी कसं गेलं आत, कळंना. रोज आठवून बघतो. मला तर भाईरच आठवतंय." मग हसले. "म्हातारपन, दुसरं काय. पर तुमी खरं लिवलंत ते बरं केलं, साहेब. दुसरा असता तर माज्याकडं बघून झाकलं असतं."

मी चहा संपवला. बिस्किटही खाल्लं.

म्यान माझ्या कपाटात आहे. घडीवरचा वळ अजून दिसतो. पण म्यानाची गोष्ट ही अर्धीच. मी नुसतं म्यान लपवलं असतं, तर त्याला भित्रेपणा म्हणून चाललं असतं. त्या दसऱ्याला मी वाळूच्या पिंपापाशी, हवालदारांच्या उजव्या अंगाला, हातभर अंतरावर उभा होतो – माझं म्यान त्यांच्या कमरेला कसं दिसतं ते पाहायला. माझी नजर तिथेच होती. आवाज झाला तेव्हाही तिथेच होती.

बोट वसरीवर होतं.