फुटलेला माठ

आमच्या शाळेतले इंग्रजीचे सर प्रत्येक शब्द मुळापासून खणायचे. त्यासाठी दोऱ्याने शिवलेला एक शब्दकोश ते कायम काखेत बाळगायचे. सातवीत ‘इक्वल’ शिकवताना म्हणाले होते, ‘‘लॅटिनमधे याचं मूळ म्हणजे सपाट. चिखलणी झाली की आपण शेतात फळी फिरवतो ना? एक कोपरा उंच राहिला तर तिथं पाणी चढत नाय, रोप सुकतं. दोष रोपाचा नाय रे, जमिनीचा.’’ शेवटचं वाक्य ते नेहमी दोनदा म्हणायचे, दुसऱ्यांदा हळू.

पुढे मी त्याच शाळेत शिक्षक म्हणून लागलो. सर बौद्धवाडीतून येताना पाण्याची बाटली घेऊन यायचे. शिक्षकांच्या खोलीतल्या माठाला त्यांनी कधी हात लावला नाही. मला ती त्यांची सवय वाटायची.

एप्रिलमधे एकदा बाटली संपली. मी म्हणालो, ‘‘सर, माठातलं घ्या ना.’’

‘‘नक्की?’’ त्यांनी विचारलं. मग पेला बुडवला, सावकाश प्यायले, आणि पेला विसळून पालथा ठेवला.

दुसऱ्या दिवशी माठ नवा होता. जुन्याच्या खापऱ्या खिडकीमागे पडल्या होत्या, अजून ओलसर. सर दारातच थांबले, त्यांनी माठ बघितला, मग मला.

‘‘बाटली आणलीय मी,’’ म्हणाले आणि तासाला गेले.

मधल्या सुट्टीत मला तहान लागली. मी नव्या माठातलं पाणी प्यायलो.