रिकाम्या खुर्चीवरचा फोकस

या ग्रुपवर तुम्ही लोक घाटातल्या पांढऱ्या साडीचे अनुभव टाकता आणि खाली ‘काहीही हं!’ अशी कमेंट करणारी जी आगाऊ बाई असते ना… ती मी. आमचं बौद्ध कुटुंब. अंगात येणं, उतारा, लिंबू-मिरची — अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, असलं काही उंबऱ्याच्या आत येऊच दिलं नाही. त्यामुळे आज मीच हे लिहायला बसलेय याची मलाच लाज वाटतेय. हसायचं तर हसा, पण आधी पूर्ण वाचा.

मी नांदेडला राहते, लग्नाचे फोटो काढते. देगलूरपासून लातूरपर्यंत ऑर्डरी असतात. अण्णांचा लोह्यात बसस्टँडजवळ स्टुडिओ होता, रोलच्या काळातला. घरोघरी मोबाइल आले आणि तो बंद पडला.

मागच्या वर्षी मी एक मिररलेस, म्हणजे नव्या पद्धतीचा डिजिटल कॅमेरा घेतला. दिसायला हुबेहूब जुना रोलवाला — चंदेरी डोकं, काळं कातडं, वर आकडे कोरलेल्या चकत्या. खरं सांगू? दिसण्यावर भाळले. रंग असे देतो की एडिटिंगला हात लावावा लागत नाही. वजनाला हलका. आणि हवं तर आवाज न करता फोटो निघतो, त्यामुळे पाठवणीच्या वेळी रडणाऱ्या बायका दचकून माझ्याकडे बघत नाहीत. पण धंद्याला? नुसती डोकेदुखी! हाताला पकड नाही, संध्याकाळपर्यंत मनगट भरून येतं. कार्ड एकच बसतं. बॅटरी तर नवरदेव मांडवात यायच्या आत लाल. चकत्या बॅगेत आपोआप फिरतात. आणि समोर ठळक काही नसलं की फोकस नुसता मागे-पुढे घरघरत बसतो. दोन-चार लग्नांत त्याने माझी चांगलीच फजिती केली, मग मी तो कपाटात टाकला आणि जुना जाडजूड कॅमेरा परत काढला.

त्याच सुमारास माय गेली. दमा होताच, पण इतक्या लवकर जाईल असं वाटलं नव्हतं. अण्णांना तोवर विसरायचा आजार जडला होता. मायच्या पुण्यानुमोदनाला, म्हणजे आमच्यातल्या दिवसकार्याला, पांढऱ्या कपड्यांत ते आल्यागेल्याला पाणी देत फिरत होते आणि मलाच विचारत होते, “सुजे, कोणाचा कार्यक्रम हाय गं?” मी मांडवामागे जाऊन उभी राहिले थोडा वेळ.

मग त्यांना नांदेडला माझ्याकडे आणलं. सोबत मायची हातांची लाकडी खुर्ची आणली. रोज एकच प्रश्न — “तुझी माय कुठं गेली?” सुरुवातीला मी खरं सांगायचे. पण प्रत्येक वेळी त्यांना ते पहिल्यांदाच कळायचं हो! कपाळ बडवून घ्यायचे, आणि जरा वेळाने विसरून पुन्हा तोच प्रश्न. शेवटी माझा भाऊ संदीप लातूरहून फोनवर म्हणाला, “ताई, आता बस कर. देगलूरला मावशीकडं गेली म्हणून सांग.” मी तसं सांगायला लागले. त्यांचं भागलं… पण मला माझ्याच घरात मायच्या नावानं रडायची सोय राहिली नाही. डोळे ओले दिसले की लगेच विचारायचे, “काय झालं? कोणी बोललं का तुला?”

त्यांचे हात सारखे काहीतरी चाचपायचे. चादरीचे दोरे ओढ, शर्टाचं बटण पीळ. म्हणून एकदा तो कपाटातला कॅमेरा त्यांच्या हातात दिला. आणि काय सांगू तुम्हाला — पोरांची नावं विसरणारा माणूस, पण खिडकीतला उजेड बघून बरोबर चकती फिरवली, लेन्सची कडी फिरवून अ‍ॅपर्चर, म्हणजे उजेड आत घेणारं भोक, पूर्ण उघडलं आणि कॅमेरा डोळ्याला लावला! त्याचा स्क्रीन आतल्या बाजूला मिटून ठेवता येतो, त्यामुळे तो रोलचाच आहे अशी त्यांची खात्री. “दाखवा बरं कसा आलाय,” म्हटलं तर उखडले. “खुळी का तू? रोल धुतल्याबिगर दिसतंय का?”

त्या दिवसापासून रोज सकाळी खिडकीजवळच्या मायच्या खुर्चीसमोर उभे राहायचे. “हनुवटी जराशी खाली घे. हाव… हलू नको.” क्लिक. रिकाम्या खुर्चीला! एकदा न राहवून विचारलं, “अण्णा, कोणाचा फोटो काढून राहिलात?”

“तुझ्या मायचा. आंधळी हायेस का?”

संदीप म्हणाला, कॅमेरा काढून घे, त्यांचं वेड वाढून राहिलंय. पण फोटो काढायला लागल्यापासून त्यांनी माय कुठं आहे हे एकदाही विचारलं नव्हतं. माझ्याच्यानं काढून घेववेना.

एका दुपारी बॅटरी चार्जिंगला लावताना कार्ड लॅपटॉपला लावलं. रिकामी खुर्ची, रिकामी खुर्ची… डिलीट करणार होते. तेवढ्यात एक गोष्ट लक्षात आली आणि मी एकेक फोटो मोठा करून बघायला लागले.

ज्यांना फोटोग्राफी कळत नाही त्यांच्यासाठी सांगते. अ‍ॅपर्चर पूर्ण उघडलं की फोकस जिथे लागतो तेवढीच बोटभर जागा स्पष्ट येते, पुढचं-मागचं सगळं धूसर. कॅमेरा फोकस करतो तो कशावर तरी करतो. माणूस, भिंत, खुर्चीचा दांडा… काहीतरी लागतं त्याला. या फोटोंत खुर्चीची पाठ धूसर. मागचं कॅलेंडर धूसर. पाठीच्या वीतभर पुढे, हवेत, खिडकीच्या उन्हात तरंगणारे धुळीचे कण तेवढे लख्ख! एकाच नाही, सगळ्या फोटोंत. दम्यामुळे माय पुढे वाकून बसायची. तेव्हा तिचा चेहरा बरोबर तिथे यायचा.

आता तुम्ही म्हणाल, धुळीवर लागला असेल. म्हणून मी दुसऱ्या दिवशी त्याच उन्हात, त्याच खुर्चीसमोर स्वतः कॅमेरा घेऊन उभी राहिले. सकाळ गेली. कॅमेरा घरघर-घरघर करायचा आणि शेवटी कॅलेंडरवर जाऊन थांबायचा. हाताने फोकस केला असेल म्हणाल, तर फोटोच्या फाइलमध्ये ऑटोफोकस लिहिलेलं आहे. कॅमेरा दुकानात तपासून घेतला. दोष काही नाही. बाकी फोटो, माझे, शेजारच्या मांजराचे, सगळ्यांत फोकस जिथल्या तिथे. अण्णांच्या डोळ्यांत तर मोतीबिंदू. त्यांना कॅलेंडरवरचा वारही दिसत नाही.

हे असं बरेच दिवस चाललं. मग एका सकाळी ते नेहमीसारखे उभे राहिले, कॅमेरा डोळ्याला लावला, आणि मला स्वयंपाकघरात ती घरघर ऐकू आली. मी बाहेर आले. लेन्स मागे-पुढे, मागे-पुढे.

“फोकस धरून न्हाई राहिला,” म्हणाले. कॅमेरा खाली घेतला. खुर्चीकडे बघत राहिले. मग माझ्याकडे वळले आणि अगदी शांतपणे, शहाण्या माणसासारखं विचारलं, “गेली का गं ती?”

देगलूर ओठांवर आलं होतं. पण नाही सांगता आलं. “हाव अण्णा,” म्हटलं. “गेली माय.”

या वेळी त्यांनी कपाळ बडवलं नाही. खाली बसले, मला जवळ ओढलं आणि रडले. मीपण रडले, मोठ्यानं, लहानपणी रडायचे तसं. माय गेल्यापासून पहिल्यांदा मला कोणीतरी धरून बसलं होतं. त्यानंतर ते बाकी सगळं विसरले. मला कधी ‘मॅडम’ म्हणतात, कधी ‘बाई’. पण माय गेली हे विसरले नाहीत. कॅमेऱ्याला हातसुद्धा लावला नाही.

ओळखीतल्या दोन-तीन फोटोग्राफरांना ते फोटो दाखवले. एक म्हणाला लेन्सची गडबड. डॉक्टर म्हणाले, या आजारात एखादी गोष्ट अशी टिकते कधीकधी. टिकत असेल. पण फोकसचं काय, ते कोणालाच सांगता येईना, आणि मलाही येत नाही. कमेंटमध्ये माझ्यासारखं ‘काहीही हं’ लिहिलंत तरी रागावणार नाही.

राग वेगळाच आहे. अण्णांना दिसली. त्या दगड कॅमेऱ्याला दिसली. मी त्याच खोलीत, खुर्चीपासून दोन हातांवर केर काढत होते हो… आणि माझीच माय मला दिसली नाही.