पाठीमागून मारलेली हाक

आमच्या अंगणवाडीच्या बाई लेकरांना नेहमी पाठीमागून हाक मारायच्या. लेकरू खेळात रमलं की दबक्या पावलांनी मागे जायचं आणि हलकेच नाव घ्यायचं. ते वळलं की त्याच्या हातावर गुळाचा खडा ठेवून म्हणायच्या, “वळलं बगा. काळजी मिटली.” स्वतः बाई मात्र कुणाच्या हाकेला पटकन वळत नसत, तपासणीच्या मॅडम आल्या असल्या तर मुळीच नाही.

मी तिथे मदतनीस. खिचडी शिजवायची, लेकरांची नाकं पुसायची.

आमचं गाव उदगीरकडचं. त्या साली पाऊस रुसला तो रुसलाच. टँकर यायचा आणि अंगणवाडीसमोरच्या गावच्या आडात पाणी सोडायचा. बाया पोहरे घेऊन आडाकडे धावायच्या आणि लहान लेकरं आमच्या गळ्यात. हॉटेलात बसलेल्या पुरुषांना मात्र पाण्यापेक्षा उदगीर जिल्हा कधी होणार याचीच चिंता जास्त होती.

लेकरांत दोघं दोन वर्षांची होती. एक किराणा दुकानवाल्या आप्पांचा नातू, दुसरी त्याच गल्लीतली शिवलीला. दोघंही बोलत नव्हती, हाकेला वळत नव्हती. नातू वळला नाही त्याच दिवशी बाई दुकानात जाऊन सांगून आल्या. आठवड्याच्या आत जीपमधून लातूर झालं. डॉक्टरांनी स्वमग्नता म्हणून सांगितलं आणि उपचार सुरू केले.

शिवलीला वळली नाही तेव्हा बाईंनी तिच्यामागे ताट वाजवलं. ती लगेच वळली. “कान शाबूत हायत,” म्हणत बाईंनी वहीत लिहिलं, ‘शांत, गुणी.’ मलाही ते पटलं. बसवाल तिथे बसणारी, डब्यांची झाकणं ओळीने मांडत राहणारी, कधी न रडणारी पोर कुणाला नको असते? माझं तर कामच हलकं झालं होतं.

चैन नव्हती ती एकट्या तिच्या आईला. एकदा रिकामी घागर कमरेवर घेऊन दारातच उभी राहिली. “बाई, ही माझ्या तोंडाकडं बगतच न्हाई. मी आन् भिंत, दोन्ही सारखंच हिला.”

“पोरीची जात हाय, लाजते. बोलंल,” बाई म्हणाल्या.

घरी सासऱ्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं, जिल्हा झाला की उदगिरात मोठा दवाखाना येईल, तेव्हा दाखवू. नातवाला जीप मिळाली. हिने जिल्ह्याची वाट बघायची.

असंच वर्ष गेलं. पाऊस पुन्हा आला नाही, टँकर येतच राहिला. एका दुपारी मी खिचडी ढवळत होते. टँकरचा पाइप आडात सुटला आणि पाण्याचा आवाज झाला. त्या आवाजामागे शिवलीला कधी दाराबाहेर पडली ते मला कळलं नाही. आडाचा कठडा एका बाजूने ढासळलेला होता, ती नेमकी तिकडेच निघाली होती. बाया पलीकडून ओरडल्या, आई ओरडली. सगळ्या आडाने तिचं नाव घेतलं आणि पोर वळेना. तिची पावलं मोजकी उरली होती.

बाईंनी माझ्या हातातला डाव हिसकावला आणि ताटावर जोरात मारला.

पोर थांबली. वळली. तेवढ्यात आईने तिला धरलं.

बाई तिथेच मातीत बसल्या. “मला दिसत हुतं,” त्या म्हणाल्या. “पोरगा असता तर मी त्याच दिशी गेले असते.”

दुसऱ्या दिवशी बाई स्वतः मायलेकींना घेऊन लातूरला गेल्या. इतका उशीर का केला, असं डॉक्टरांनी आईला विचारलं. बाई म्हणाल्या, “माझ्यामुळं.”

पुढे नोकरी संपेपर्यंत त्या घरोघर जाऊन मुलींना मागून हाका मारत राहिल्या. पण ‘काळजी मिटली’ हे शब्द त्यांच्या तोंडून पुन्हा ऐकले नाहीत. मागच्या उन्हाळ्यात त्या गेल्या. जिल्हा अजून झालेला नाही.

परवा माझी नात अंगणात झाकणं मांडत बसली होती. मी गूळ घेऊन तिच्या मागे गेले. एकदा हाक मारली. दोनदा. तिसऱ्यांदा.

“लई गुणाची हाय तुमची नात, आत्याबाई,” सून चुलीपासून म्हणाली. “आवाज म्हणून न्हाई तिचा.”

तळहातावर गूळ चिकटून गेला होता.

“सकाळच्या गाडीनं लातूरला जायचंय,” मी म्हणाले. “तिची पिशवी भर.”