जावक क्रमांक सांगा!

अहो, माझी आत्या म्हणजे काय चीज आहे ते ऐकाच! सरकारी कार्यालयात एकतीस वर्षं एकाच टेबलावर बसली, बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पत्रावर जावक क्रमांक टाकत. निवृत्त झाली, पण सवय जाईल तर शपथ. घरी लग्नपत्रिका आली तरी आधी तारीख आणि वार जुळतायत का बघणार, मग नवरा-नवरी!

परवा मी शिवत होते, तर फोन वाजला. "अभिनंदन ताई! लघुउद्योगाचं सरकारी अनुदान मंजूर झालंय तुम्हाला." लगोलग मोबाइलवर पत्र आलं. शिक्का, सही, सगळं कसं झोकात! खोटं कशाला सांगू, मी उडीच मारली. माझं शिलाई मशीन पार खिळखिळं झालंय हो. आता नवं येणार, मोटरवालं! फक्त पाचच्या आत प्रक्रिया शुल्क भरायचं होतं. खात्यात पैसे होते, पण ते बाबांच्या कानाच्या मशीनचे. चार वर्षं त्यांना धड ऐकू येत नव्हतं. म्हटलं, अनुदान आलं की परत ठेवू. मोबाइलवर रक्कम टाकलीसुद्धा.

"आत्या, नशीब फळफळलं गं आपलं!"

तिने चष्मा लावला. "अर्ज कधी केलास?"

"नाही केला."

"मग सरकारच्या स्वप्नात गेली होतीस होय? आणि एका दिवसात मंजुरी? आमच्याकडे एका दिवसात फाइल टेबलाच्या या टोकाकडून त्या टोकाला जात नसे!"

असा राग आला मला! "तुला कुणाचं बरं बघवतच नाही," मी फाडकन बोलले.

तिने पत्र मोठं करून निरखलं आणि त्याच माणसाला फोन लावला.

"साहेब, या पत्राचा जावक क्रमांक सांगा."

"कसला क्रमांक?"

"बाहेर जाणाऱ्या पत्राला देतात तो. त्याशिवाय पत्र कार्यालयाबाहेर पडत नाही."

"अं... सात."

"वर्ष संपत आलं आणि सातच पत्रं? दिवसभर माश्या मारता काय? आणि तारीख रविवारची! शिवाय पैसे देणारं सरकार आधी आमच्याकडेच पैसे कशाला मागेल? पत्ता सांगा, आम्हीच येतो."

फोन कट!

मी टाकलेली रक्कम घाईघाईने पुसली. एक बटण दाबायचं राहिलं होतं! आत्याच्या गळ्यात पडून माफी मागितली. ती मात्र तो नंबर पोलिसांना कळवण्यात गुंग.

पुढच्या आठवड्यात बाबांचं कानाचं मशीन आलं. ते लावून बाबा खुर्चीत बसले आणि मी शिवायला घेतलं. बाबा दचकलेच!

"हा खडखडाट कसला गं?"

"माझं शिलाई मशीन, बाबा."

"रोज एवढं वाजतं?"

"रोज."

बाबा माझ्याकडे बघतच राहिले. "मग नवं घे की गं, पोरी."

आत्याने खऱ्या कार्यालयातून आणलेला अनुदानाचा अर्ज माझ्यापुढे ठेवला. "भर. आणि पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही."