बरणीतली हनुवटी

डॉक्टरच्या हातात वेताची छडी होती. छडीचं टोक बरणीवर टकटक वाजवत तो म्हणाला, "मुलांनो, नीट बघा. तंबाखू खाणाऱ्या अडाणी माणसांचं असं होतं."

बरणीत माणसाचा खालचा जबडा होता. पुढचे दात, हिरडीवर फुगलेला गोळा, आणि त्याखाली हनुवटीची कातडी. वर पिवळट पाणी. शहाद्याला शाळेच्या पटांगणात मांडव घालून आरोग्य प्रदर्शन भरवलं होतं. मी जवळच्याच गावात मास्तर होतो, चौथीची पोरं रांगेनं घेऊन आलो होतो. वीस वर्षांचा असेन. धोतर, सदरा, टोपी, सगळं रात्री धुऊन वाळवलेलं.

"अहो मास्तर, मुलांना पुढे आणा ना," डॉक्टर म्हणाला. "या, तुम्हीही बघा."

तुम्ही. असल्या माणसाच्या तोंडून हा शब्द ऐकायला मी सातवीची फायनल पास झालो होतो. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. मी छाती काढून पुढे गेलो.

मागून कोणीतरी म्हणालं, "हाई भिलनीनं तोंड शे. गोंदेल शे, देख."

लोक हसले. माझ्या एका पोरानं नाक दाबलं.

मी ते गोंदण बघितलं. ओठाखाली तीन ठिपके एका रांगेत, आणि चौथा खाली, डावीकडे सरकलेला. गोंदताना ती लहान होती, रडली, मान हलवली, म्हणून तो सरकला. हे तिनंच मला हसत हसत सांगितलं होतं. लहानपणी त्या ठिपक्यावर बोट ठेवल्याशिवाय मला झोप येत नसे.

ती माझी आई होती. गेंदी. तिला जाऊन दीड वर्ष झालं होतं.

आई गोमाई नदीकाठच्या एका मळ्यात मजुरीला जायची. कापूस वेचायची, केळीचे घड वाहायची. खालच्या ओठाआड दिवसभर तंबाखू-चुना. का? शौक म्हणून? दुपारी मळ्याचा मालक बांधावर यायचा आणि प्रत्येकीच्या तळहातावर चिमूट ठेवायचा. भूक मरते, हात चालू राहतात. भाकरीपेक्षा तंबाखू स्वस्त. आणि तोच मालक त्या सकाळी गळ्यात हार घालून प्रदर्शनाची फीत कापून गेला होता.

तिच्या हिरडीवर फोड आला, तो वाढत गेला. भाकरी सुटली, नुसती पेज राहिली. तेव्हा सातपुड्याच्या पायथ्याला आमच्या पाड्यात जीप आली. मुंबईचा डॉक्टर होता. तोंडाच्या गाठींचा अभ्यास करायचा. झाडाखाली खुर्ची टाकून बसला आणि एकेकाला म्हणाला, "आ कर." आईचं तोंड बघितल्यावर त्याचे डोळे चमकले. तिला जीपमध्ये घालून मोठ्या दवाखान्यात नेलं. एक पैसा घेतला नाही. माझा बाप म्हणाला, देव भेटला.

जबडा काढल्यावर तिसऱ्या दिवशी ती गेली. डोळ्यांपर्यंत कापूस आणि पट्ट्या गुंडाळून आमच्या ताब्यात दिली. बाप दारात हात जोडून उभा राहिला. बाहेरच्या माणसांशी तो अहिराणी बोलायचा. म्हणाला, "साहेब, तो काढेल तुकडा आम्हले द्या. तिनासंगेच आगले देसूत."

डॉक्टर कागदावर काहीतरी लिहीत होता. मान वर न करता म्हणाला, "घाण होती ती. जाळून टाकली."

आम्ही ऐकलं. साहेब कशाला खोटं बोलेल? आईला आहे तशी जाळली. नंतर कितीतरी दिवस बाप मला आमच्या भिली बोलीत एकच विचारायचा, तोंडच नाही, तर तिकडे गेल्यावर ती खाईल कशानं? मी शिकलेला. म्हणून मलाच.

आणि आता ती घाण टेबलावर होती. छडीवाला डॉक्टर तोच होता. मी त्याला ओळखलं, त्यानं मला ओळखलं नाही.

मी विचारलं, "डॉक्टर, ही कोण आहे?"

"कोण म्हणजे? नमुना आहे."

"हिचं नाव काय?"

तो हसला. "नमुन्याला नाव कशाला लागतं, मास्तर?"

शाळेत घोटून घोटून शिकलेलं माझं शुद्ध मराठी त्या क्षणी गळून पडलं. मी म्हणालो, "ती मन्ही माय शे."

डॉक्टरनं मला पहिल्यांदा नीट बघितलं. टोपी, सदरा, मग तोंडाचा रंग.

"ए," तो म्हणाला, "तू भिल्ल आहेस का? बरणीला हात लावू नकोस."

तुम्हीचा तू व्हायला एवढाच वेळ लागला. माझ्या पोरांसमोर.

मग लोक बघतायत म्हणून त्यानं आवाज मऊ केला. म्हणाला, "हे बघ, या गाठीचे पातळ काप काढून आम्ही ते रंगवतो, सूक्ष्मदर्शकाखाली बघतो. बिघडलेल्या पेशींत प्रथिनं कशी बदलतात, ते शोधतोय. उद्या हजारो माणसं वाचतील. तुला अभिमान वाटायला हवा."

मी ऐकत होतो. पेशी म्हणजे काय, प्रथिनं म्हणजे काय, हे मी पुस्तकात वाचलं होतं. आईच्या तोंडात नेमकं काय बिघडलं, हे मला खरोखर जाणून घ्यायचं होतं. तेव्हासुद्धा. म्हणून विचारलं, "मग काय सापडलं? माझ्या वडिलांना काय सांगू?"

"तुला काय कळणार ते?"

तळपायाची आग मस्तकाला गेली. मी बरणी उचलली. जड होती.

"ठेव खाली! सरकारी माल आहे तो!"

"सरकारनी नही शे," मी ओरडलो. "मन्ही शे."

कंपाउंडरनं माझा दंड धरला. मी हिसडा दिला. झाकणातून पाणी उडालं, माझे डोळे चुरचुरले, त्याचेही. त्यानं हात सोडला. मी पोरांना सांगितलं, सरळ घरी जा, उद्या शाळा आहे. आणि बरणी छातीशी धरून बाजारातून चालत निघालो. लोक बाजूला होत होते. एकानंही विचारलं नाही, मास्तर, काय झालं?

गोमाई ओलांडून पाड्यावर पोहोचायला संध्याकाळ झाली. बापानं बरणी बघितली, ठिपके बघितले. लाकडं आणली. आम्ही दोघांनी तिचं राहिलेलं तोंड जाळलं. त्यानंतर बापानं तो प्रश्न पुन्हा विचारला नाही. पण मला शांत वाटलं, असं कोणी समजू नका. माझा राग तसाच राहिला, आजही आहे.

आठवड्यात शाळाखात्याच्या कचेरीतून बोलावणं आलं. साहेब म्हणाले, "माफीनामा लिहून दे. नोकरी वाचेल. डॉक्टर मोठे आहेत, माफ करतील."

माफ करतील! चोर तो आणि माफी त्यानं द्यायची. साहेबांनी पेन पुढे सरकवलं. मेलेलं कोंबडं आगीला भीत नाही. मी पेन त्यांच्याच दौतीत ठेवलं आणि बाहेर आलो. नोकरी गेली. आईच्याच बांधावर मजुरीला उभा राहिलो. मालक तंबाखूची चिमूट घेऊन आला तेव्हा मी हात मागे घेतला. म्हणालो, भाकरी द्या. त्यानं मला संध्याकाळी कामावरून काढलं. काढू दे.

दुसऱ्या वर्षी पाड्यात पुन्हा जीप आली. या वेळी दुसराच डॉक्टर, तरुण. झाडाखाली खुर्ची टाकली. एका म्हातारीची हनुवटी चिमटीत धरून म्हणाला, "आ कर."

मी त्याचा हात धरला.

"थांबा," मी म्हणालो. "काय करणार, कशासाठी, कापलेलं कुठं नेणार, ते आधी मला सांगा. मी तिला आमच्या बोलीत सांगतो. ती हो म्हणाली तर करा. अभ्यास करा, खुशाल करा, आम्हालाही बरं व्हायचंय. पण सापडेल ते इथं येऊन सांगायचं. आणि ती नाही म्हणाली तर जीप वळवायची."

तो लाल झाला. "तुम्हा लोकांच्याच भल्यासाठी उन्हातान्हात येतो आम्ही," म्हणाला. मी काय विचारलं, त्याचं उत्तर त्यानं दिलं नाही. जीप गेली. म्हातारीच्या गालात चट्टा होता, ते मी बघितलं होतं. तिला विचारून मीच तिला बैलगाडीनं शहाद्याला नेली. दवाखान्याच्या खाटेजवळ दिवसभर उभा राहिलो, प्रत्येक गोष्ट विचारत.

जीप पुन्हा येणार, मला ठाऊक आहे. येऊ दे. विचारल्याशिवाय या पाड्यातलं एकही तोंड उघडणार नाही.